पळणारी पावडर

महानंदाअक्का मोजायला बसल्या की आमच्या प्रयोगशाळेतला पंखा बंद व्हायचा. मे महिना असला तरी बंद. दाराच्या फटीत त्या एक जुनी स्लिपर अडकवून ठेवायच्या, म्हणजे कुणी आत आलंच तर दार आपटायला नको. मग स्टँडला नरसाळं लावायचं, खाली काचेचं मोजपात्र ठेवायचं, पदर कमरेला खोचायचा, आणि सगळ्यांकडं एकदा बघून म्हणायचं, "आता कुनी बोलू नगा."

नरसाळ्यातून पावडर खाली उतरेपर्यंत खरंच कुणी बोलत नसे. मॅनेजर माने साहेब एकदा फोनवर बोलत बोलत आत आले, अक्कांची पाठ बघितली, आणि तसेच उलट्या पावली बाहेर गेले. कारखान्यात दुसऱ्या कुणासमोर ते असे मागं सरलेले मी पाहिले नाहीत.

लोहाऱ्याच्या बाहेर, माळावर, पत्र्याच्या दोन शेडचा तो कारखाना. आम्ही जलसंजीवनीची पाकिटं बनवायचो. पोराला जुलाब लागले की पाण्यात कालवून देतात ती. ग्लुकोज, मीठ आणि आणखी दोन क्षार, एवढाच मामला. पण चारही गोष्टी प्रत्येक पाकिटात ठरलेल्याच हव्यात. साखर कमी पडली तर औषध निकामी, आणि मीठ जास्त पडलं तर सुकून गेलेल्या तान्ह्या लेकराच्या जिवाला धोका.

मी धाराशिवहून एम.एस्सी. होऊन तिथं केमिस्ट म्हणून लागले तेव्हा कागदोपत्री अक्का माझ्या हाताखाली होत्या. त्या सातवी पास. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं किडकिडीत, कपाळावर बारीक गोंदण. सास्तूरहून जीपनं यायच्या. आधी काचेच्या बाटल्या धुवायला म्हणून लागलेल्या, आणि माझ्या आधीच्या केमिस्टनं त्यांचा हात बघून त्यांना पावडरच्या चाचण्या शिकवलेल्या.

हात तयार झाला होता तो सास्तूरच्या गिरणीत. नवऱ्याची पिठाची गिरणी होती. तो गेल्यावर अक्कांनी अकरा वर्षं एकटीनं ती चालवली. पट्टा तुटला तर पट्टा, जात्याला टाकी लावायची तर तीही, सगळं स्वतः. गिऱ्हाइकाचं पीठ डब्यात पडताना नुसत्या आवाजावरून त्या सांगायच्या म्हणे, की ज्वारी ओली होती की वाळलेली. पुढं मोटार जळाली, गावात दुसरी मोठी गिरणी आली, आणि त्यांनी कुलूप लावलं.

"म्या पिठातच म्हातारी झाले बगा," त्या म्हणायच्या. "हितं यून फकस्त पिठाचा रंग बदलला."

आमच्यासाठी त्या करायच्या त्या चाचण्या दिसायला अगदी साध्या. एका मापात पावडर सैल सोडली तर तिचं वजन किती भरतं, हे एक. तेच माप यंत्रावर ठेवून शेकडो ठोके दिले की पावडर किती खाली बसते, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे ती नरसाळ्यातून किती वेळात उतरते आणि खाली तिचा ढीग कसा पडतो, उभा की पसरट. पाकिटं भरणारं यंत्र वजन करत नाही, ते माप भरतं. मापात आज सैल पावडर पडली आणि उद्या दाबून पडली, तर दोन दिवसांची पाकिटं दोन तऱ्हेची. म्हणून हे सगळं.

पहिल्या दिवशी मी ते स्वतः करून बघायचं म्हटलं. कॉलेजात शिकलेलं होतंच. मी मोजपात्रात पावडर ओतली. वर थोडी वाकडीतिकडी दिसली, म्हणून नकळत पात्र टेबलावर हलकंसं टेकवलं. टक् असा आवाज झाला.

अक्का म्हणाल्या, "सांडा."

"काय?"

"ती सांडा आन् परत भरा. तुमी ठोकलं."

"अहो, जरासंच तर..."

"ताई, लेकराला झोप लागताना पाळणा जरासाच हलला तरी त्याला कळतंय का न्हाय? तसंच हाय ते."

मी सांडली. परत भरली. या वेळी पावडरचा माथा मापाच्या वर गेला. अक्कांनी तो सपाट पट्टीनं, वरचेवर, श्वास रोखून काढला आणि मग मला समजावलं. त्यांच्या आईच्या शेजारी एक बाई होती. ती पीठ द्यायची तेव्हा वाटी सैल भरून द्यायची, आणि परत घ्यायची तेव्हा तीच वाटी ओट्यावर आपटून आपटून भरून घ्यायची. "वाटी येकच. पीठबी त्येच. पर दोन वाट्या सारख्या न्हाईत. आमची आय म्हनायची, ती बाई खोटं बोलत न्हाय, तिची वाटी बोलती." एवढं सांगून त्या मनापासून हसल्या. सैल घनता आणि ठोकलेली घनता यांतला फरक पुस्तकात मी दोन पानं वाचला होता. तो कळला मात्र त्या दिवशी.

त्यांची वही हे एक वेगळं प्रकरण होतं. आकडे मराठीत, टपोरे, ओळ सोडून. मी ते छापील तक्त्यात उतरवायचे. प्रत्येक चाचणी तीनदा करायची आणि सरासरी काढायची असा नियम. कधी कधी तिन्हींतला एक आकडा भलताच यायचा. माझ्या आधीचे लोक अशा वेळी चौथ्यांदा मोजून नको असलेला आकडा खोडून टाकत असावेत. अक्का खोडत नसत. भलता आकडा तसाच ठेवायच्या, चौथा घ्यायचा झाला तर खाली वेगळा लिहायच्या, आणि भलत्या आकड्याजवळ कारण: "दार आपटलं." "हात हालला." "कारन कळलं न्हाय."

"पयला आकडा खरा," हे त्यांचं पालुपद. "दुसरा आपल्या मनाचा असतोय."

पावसाळ्यात त्यांची खरी कसोटी लागायची. हवेतला ओलावा पावडरला चिकटला की ती हॉपरमध्ये, म्हणजे पाकिटं भरायच्या यंत्रावरच्या मोठ्या पत्र्याच्या नरसाळ्यात, अडून बसायची. मग ऑपरेटर रबरी हातोडा घेऊन हॉपरला बाहेरून ठोकायचे. धाड धाड आवाज शेडभर. अक्का जेवणाच्या सुट्टीत यंत्राजवळ जायच्या आणि पत्र्यावर नवे पोचे किती पडले ते बोटानं चाचपून बघायच्या. मला आधी वाटलं, बाईंना यंत्राची कीव येते. तसं नव्हतं. पोचे वाढले की त्या वहीतली मागची पानं उलटून बघायच्या, त्या दिवसाची पावडर किती अडखळत उतरली होती ते. दोन्हींचा मेळ बसला की मान हलवायच्या.

एका जुलैत त्यांनी माने साहेबांना जाऊन सांगितलं, "सायेब, हातोडा काढून घ्या मानसाच्या हातनं."

"मग पावडर कशी उतरणार, अक्का?"

"ती रुसल्याली हाय. मारून रुसवा जातोय व्हय? खोली कोरडी करा."

साहेबांनी कुरकुरत का होईना, त्या खोलीला हवा कोरडी करणारं यंत्र बसवलं. पावडर उतरायला लागली. हातोडा मात्र कोपऱ्यात राहिलाच, आणि ऑपरेटर सवयीनं अधूनमधून एखादा ठोका घालायचेच.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या दुसऱ्या वर्षीचं. आश्विन महिना होता, कोजागिरी जवळ आलेली.

ग्लुकोज पुरवणारा आमचा नेहमीचा माणूस माल देऊ शकला नाही, म्हणून साहेबांनी दुसऱ्याकडून मागवलं. तपासलं तर शुद्धतेत काही खोट नव्हती. फक्त दाणा जरा मोठा होता, रव्यासारखा. मिश्रण तयार झालं, मिक्सरमधून नमुना आला, क्षारांचं प्रमाण मी स्वतः काढलं, आणि ते बरोबर होतं. अक्कांनी पावडर नरसाळ्यात घातली. घातली म्हणेपर्यंत ती खाली. नेहमी जिथं ढीग उभा राहायचा तिथं ती पसरट लोळली, एखाद्या थाळीसारखी.

माने साहेब तिथंच उभे होते. ते खूश झाले. "वा! हिला म्हणायचं पावडर. आता ना हातोडा, ना थांबणं."

मीही खूश. आमच्या तक्त्यात लिहिलेलं होतं, ढिगाचा उतार अमुक अंशांपेक्षा जास्त नसावा. हा तर कितीतरी कमी होता.

अक्का मात्र पुन्हा नरसाळं लावत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिन्ही आकडे जवळपास एकच.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "ही लई पळती."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच असंल," त्या म्हणाल्या, आणि वहीत आकड्याशेजारी त्यांनी लिहिलं: "लई पळती. कारन कळलं न्हाय."

मी तक्त्यात तो शेरा उतरवला नाही. शेऱ्यासाठी तिथं रकानाच नव्हता. संध्याकाळपर्यंत पाकिटं भरून झाली. दिवसाच्या मध्यावर काढलेली पाकिटं मी तपासली, तीही बरोबर निघाली. मी सही केली. साठ बॉक्स, प्रत्येकावर भरल्याच्या क्रमानं आकडा, दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या औषध भांडारात जायचे होते. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी असते, तिथं जलसंजीवनी लागते, म्हणून घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर अक्का माझ्या आधी आलेल्या. पंखा बंद, दारात स्लिपर. ठोके देणारं यंत्र चालू होतं. त्यावर काचेचं उंच मोजपात्र, त्यात कालची पावडर. यंत्र थांबल्यावर त्यांनी पात्र हळूच उचललं, एका कागदावर वरची चिमूटभर पावडर काढली, बाकीची दुसरीकडं ओतत ओतत अगदी तळातली चिमूट वेगळ्या कागदावर घेतली. आणि मग, प्रयोगशाळेत जे कधीही करायचं नसतं ते केलं. दोन्ही चिमट्या जिभेला लावल्या.

"अक्का!"

त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढं धरले. "तुमीबी बगा."

"अहो, असं चालत नाही."

"म्हाईत हाय. आज बगा."

मी बोटावर घेऊन चाखली.

"वरलं ग्वाड," अक्का म्हणाल्या, "तळातलं खारट."

अक्कांनी जीपमध्ये येता येता हे जुळवलं होतं. गिरणीत असताना त्या सातूच्या पिठात साखर कालवून द्यायच्या. बारीक साखर असली तर पिठात मिसळून राहायची. जाड साखर घातली आणि डबा बैलगाडीतून हादरत घरी गेला, की पीठ खाली आणि साखर वर. बायका तक्रार घेऊन यायच्या, अक्का, साखर नीट कालवली न्हाय. "कालिवल्याली असायची ओ. वाटंत सुटायची."

ग्लुकोजचा दाणा मोठा, मीठ बारीक. पावडर सुटसुटीत, कुठं चिकटत नाही, अडत नाही. मिक्सरमध्ये ती एकसारखी होती. मग हॉपरमध्ये गेली, यंत्राच्या हादऱ्यानं हलत राहिली, आणि मीठ दाण्यांच्या फटींतून झिरपत खाली गेलं. म्हणजे जी पाकिटं आधी भरली त्यांत मीठ जास्त, शेवटच्यांत कमी. आणि मी तपासली ती मधली.

मी धावत खाली गेले. टेम्पो निघून पाऊण तास झाला होता.

माने साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्याकडं आणि मग अक्कांकडं बघत राहिले. "जिभेवरून? जिभेवरून मी गाडी परत बोलावू?"

मी म्हटलं, "सर, आपण राखून ठेवलेल्या नमुन्यांतलं पहिलं पाकीट मी आत्ता तपासते. वीस मिनिटं द्या."

अक्का म्हणाल्या, "तुमी तपासा. तवर सायेब शफीकभाईला फोन लावतील."

शफीकभाई म्हणजे टेम्पोचे ड्रायव्हर, साठीला आलेले, सगळ्यांशी गोड बोलणारे. त्यांचा फोन लागेना. वीस मिनिटांनी माझ्या हातात आकडा आला. पहिल्या पाकिटात मीठ जवळपास दीडपट होतं. मी तो साहेबांसमोर ठेवला. माल सोडायच्या कागदाखाली माझीच सही होती.

साहेबांनी गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चला."

नळदुर्गमार्गे आम्ही निघालो. साहेब चालवत होते, मी पुढं, अक्का मागं. मी सारखा फोन लावत होते. घंटाच वाजत नव्हती. नळदुर्ग सोडल्यावर रस्त्याच्या कडेनं माणसं दिसायला लागली. कर्नाटकातून आलेली, अनवाणी, खांद्यावर पिशव्या, तोंडानं उदो उदो. पुढं पुढं ती इतकी दाट झाली, की गाडी पायी चालल्यागत चालू लागली.

"अक्का," मी मागं वळून म्हटलं, "तुम्ही काल सांगितलं होतं."

"म्या कुटं सांगितलं? म्या म्हनलं लई पळती. का पळती ते मलाबी कळलं नव्हतं." त्यांनी बाहेरच्या गर्दीकडं बोट केलं. "आता त्ये नगा काढू. आदी गाडी गावू द्या."

तुळजापूरच्या अलीकडं पोलिसांनी रस्ता अडवून वाहनं बाजूच्या शेतात वळवली होती. त्या वाहनांच्या गर्दीत आमचा निळा टेम्पो उभा होता. मी आयुष्यात कुठल्या टेम्पोकडं बघून इतकी आनंदले नसेन. शफीकभाई सावलीला बसून डबा खात होते.

"अरे साहेब, तुम्ही? दोन तास झाले, सोडेनात. आणि फोनला रेंजच न्हाय."

"माल तसाच आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"तसाच हाय की. येकच बॉक्स दिला."

आम्ही तिघंही एकदम थांबलो.

"कुणाला दिला?"

त्यांनी रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या मंडपाकडं हात केला. "दवाखान्याचं शिबिर हाय. त्यांच्याकडली पाकिटं संपली होती. लोकं उन्हानं पडत होते, एक लेकरू उलट्या करत होतं. म्या म्हनलं, अपनेच पास है तो देना नै क्या? तुमाला फोन लावला, लागला न्हाय. सायबाला नंतर सांगू म्हनलं."

त्या माणसाला काय म्हणणार? आम्ही पळालो. साहेब पुढं, मी मागं, आणि अक्का चपला हातात घेऊन आमच्या दोघांच्याही पुढं निघून गेल्या.

मंडपात एक तरुण डॉक्टरीण होती. टेबलाजवळ स्टीलचं मोठं पातेलं, त्यात कालवलेलं पाणी, बाजूला आमचा उघडलेला बॉक्स. मी धापा टाकत तिला सांगितलं. ती खाटांकडं वळून बघू लागली.

"मी पाचसहा जणांना दिलंय. त्यातली एक मुलगी आठ वर्षांची आहे."

तिनं लगेच पातेल्यावर झाकण ठेवायला सांगितलं. अक्कांनी तेवढ्यात त्यातलं पेलाभर पाणी घेतलं होतं. त्यांनी घोट तोंडात धरला, डोळे मिटले. मंडपाबाहेर हजारो माणसं गजर करत चालली होती, आणि मला पंखा बंद केलेल्या खोलीत असावी तशी शांतता वाटत होती.

"डोळ्यांतल्या पान्याइतकं हाय," अक्का म्हणाल्या. "त्याच्यावर न्हाय."

डॉक्टरीणबाईंनीही चाखलं. "हो. आम्हालाही हेच शिकवतात, अश्रूंपेक्षा खारट नको." पण तिनं पातेलं ओतूनच दिलं आणि शेजारच्या शिबिरातून दुसरी पाकिटं मागवली. बरोबर केलं तिनं.

मग मी बॉक्सवरचा क्रमांक पाहिला. साठ. शेवटचा. सकाळी टेम्पोत चढवताना पहिले बॉक्स आत गेले होते, शेवटचा दाराशी राहिला होता, आणि शफीकभाईंच्या हाताला तोच लागला होता. मी तो आकडा साहेबांना दाखवला, तेव्हा ते तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले.

अक्का त्या मुलीच्या खाटेशी गेल्या होत्या. मुलगी उठून बसलेली, आईच्या मांडीला टेकून. अंगात पाणी आहे का ते बघायला अक्कांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच सपाट झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना दोन तास ठेवून घेतलं. आम्हीही थांबलो. दुसरं काही काम नव्हतं आणि उठवतही नव्हतं. दोन तासांनी ती मुलगी आईला म्हणाली, "भूक लागली." अक्कांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातात ठेवली, डॉक्टरीणबाईंनी मान डोलावल्यावर.

निघताना अक्का देवळाच्या दिशेनं वळून उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, आता रडायचं तर रडून घ्या. म्या सायबाला पुढं नेते." आणि खरोखरच त्या माने साहेबांना काहीतरी विचारत गाडीपर्यंत घेऊन गेल्या. मी टेम्पोच्या आडोशाला उभी राहून रडले. बरं वाटलं.

साठही बॉक्स परत आले. तपासले तेव्हा साठाव्यातलं मीठ मर्यादेत निघालं, शिबिरात वाटलेलं पाणी निर्धोक होतं. पहिल्या पंधरा-सोळा बॉक्समधलं तसं नव्हतं. सगळा माल नष्ट केला आणि ग्लुकोज बारीक दळून नव्यानं मिश्रण केलं. ते नरसाळ्यातून सावकाश, थोडं कुरकुरत उतरलं. अक्का त्याकडं बघून म्हणाल्या, "हां. आता शानी झाली."

आमच्या तक्त्यात ढिगाच्या उताराला फक्त एक मर्यादा होती, याच्यापेक्षा जास्त नको. त्या आठवड्यात मी दुसरीही घातली, याच्यापेक्षा कमी नको. आणि शेऱ्यासाठी एक रकाना.

साहेबांनी मला कामावरून काढलं नाही. पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. ते वही घेऊन अक्कांकडं आले. "अक्का, इथं तुम्ही लिहिलंय, कारण कळलं नाही. उद्या तपासणीला कुणी आलं तर विचारतील, कळलं नव्हतं तर माल सोडला कसा? त्याऐवजी लिहा, दाणा मोठा असल्याचा संशय. म्हणजे आपल्याला आधीच लक्षात आलं होतं असं दिसेल."

"पर सायेब, आलं नव्हतं की."

"दुसऱ्या दिवशी आलं ना."

"मंग दुसऱ्या दिसाच्या पानावर लिवलंय की त्ये." त्यांनी पान उलटून दाखवलं. तिथं टपोऱ्या अक्षरांत होतं: "वरलं ग्वाड तळातलं खारट. दाना मोटा. म्या चाकलं. ताईंनीबी चाकलं."

साहेब ते वाचून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तपासणीला माणसं आली तेव्हा त्यांनी तेच पान त्यांच्यापुढं उघडून ठेवलं. त्या लोकांनी चाखण्याबद्दल माझी कानउघाडणी केली, ते योग्यच होतं. पण त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं वही बराच वेळ चाळली आणि जाताना अक्कांना नमस्कार केला. अक्का गोंधळल्या. "ह्ये कशापायी?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

त्यानंतर तीन वर्षांनी मी लग्न होऊन सोलापूरला आले. अक्काही दरम्यान निवृत्त झाल्या. फोन व्हायचे सणासुदीला. त्यांच्या बोलण्यात मधेमधे खोकला यायला लागला होता. मी म्हणायचे दाखवा, त्या म्हणायच्या दाखिवते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सुनेचा, सविताचा, फोन आला. अक्कांचा खोकला वाढला होता, वजन उतरलं होतं, लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला होता. "त्या म्हनत्यात, ताईला कळवू नगं," सविता म्हणाली, "म्हनून कळिवते."

अकरा वर्षं गिरणीतली धूळ, मग इतकी वर्षं पावडर. मी रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी एसटीनं निघाले. वाटेत मन नको तिथं जात होतं.

सास्तूरला उतरले तेव्हा दुपार झाली होती. भूकंपानंतर वसवलेल्या त्या सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. अक्कांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सून घेऊन गेलीया दवाखान्यात. सकाळीच गेल्यात. आजून आल्या न्हाईत." आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं.

मी पायरीवर बसून राहिले. तासभर गेला असेल. मग गल्लीच्या टोकाला मोटारसायकलचा आवाज आला. सविता चालवत होती, डोक्याला ओढणी बांधून. मागं अक्का. एका हातानं सुनेचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात मोठा खाकी लिफाफा.

गाडी पुरती थांबायच्या आतच त्या उतरल्या. मला पाहिलं, पण मिठी वगैरे नाही. "कवा आलाव? हिनंच सांगितलं असंल," एवढंच म्हणाल्या, आणि लिफाफ्यातून काळी फिल्म ओढून काढली.

"काय बी न्हाय!" त्या म्हणाल्या. "जुना कफ हाय म्हनं. औषीद दिलंय. बाकी सगळं मोकळं."

सविता गाडी स्टँडवर लावत हसत म्हणाली, "वाटंत तीन ठिकानी गाडी थांबवून लोकास्नी दाखिवलंय."

शेजारच्या बाई उठून आल्या. समोरच्या घरातल्याही दोघी आल्या. अक्का गल्लीच्या मधोमध उन्हात उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी ती फिल्म सूर्यासमोर धरली. बायका माना वर करून बघत होत्या. ऊन त्या काळ्या फिल्ममधून येऊन अक्कांच्या कपाळावर, गालांवर निळसर सांडलं होतं. बोट फिरवत फिरवत त्या सगळ्यांना समजावून सांगत होत्या, इथून श्वास आत जातो, इथं बसतो, इथून परत येतो.

फिल्म त्यांनी उलटी धरली होती. मीही बायकांत जाऊन मान वर करून बघू लागले.